विषय : माझी चूक मान्य करण्याबाबत

ज्या वर्षी जावयाच्या पित्ताशयातला खडा काढला, त्या वर्षीची ही गोष्ट. खडा शेंगदाण्याएवढा होता. जावयाने तो काचेच्या बाटलीत ठेवला होता आणि बाटलीवर रुग्णालयाची चिठ्ठी होती. चिठ्ठीवर तारीख, वजन आणि डॉक्टरांची सही. घरात कुणीही आलं की पाण्याच्या आधी बाटली बाहेर येई. पाहुणे खड्याकडे एकदा बघत, चिठ्ठी दोनदा वाचत आणि मग मान डोलावत. चिठ्ठी नसती तर तो खडा रस्त्यावरच्या कुठल्याही खड्यासारखा होता, हे कुणी बोलून दाखवत नसे.

त्या वर्षी एका रविवारी, चार पाहुणे बाटली हातोहात फिरवत असताना, सासऱ्यांना राहवलं नाही. त्यांनी खिशातून तपकिरीची जुनी डबी काढली आणि डबीतून तांब्याचं एक नाणं काढून मधोमध ठेवलं.

सासऱ्यांना सगळे ठसेवाले म्हणत. सरकारी टांकसाळीत चौतीस वर्षं त्यांनी प्रेस चालवली होती. खालचा ठसा, वरचा ठसा, मध्ये तांब्याची कोरी चकती. दांडा ओढला की नाणं. एका बाजूला कणीस, दुसऱ्या बाजूला आकडा. तांब्याची नाणी कधीच बंद झाली, पण ठसेवाल्यांच्या हातून पडलेली नाणी एके काळी प्रत्येकाच्या मुठीत होती. त्यातलं एकही मात्र ‘हे माझं’ म्हणून दाखवता येत नव्हतं. बरोबर पडलेली सगळी नाणी एकसारखी असतात. टांकसाळ त्यासाठीच असते. त्यामुळे चौतीस वर्षं चोख काम करूनही ठसेवाल्यांकडे दाखवायला काही नव्हतं. ओळखता येईल असं एकच नाणं होतं, आणि ते चुकलेलं होतं.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी, सकाळच्या पाळीत, शिपाई दारात येऊन ओरडला होता, “मुलगी झाली!” ठसेवाल्यांनी मान वळवली. नेमकं त्याच वेळी आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं होतं. असं अधूनमधून होई. प्रत्येक खेपेला बोट फिरवून बघायचं, चिकटलं असेल तर काढायचं, हा शिरस्ता. त्या दिवशी बोट फिरलं नाही आणि दांडा ओढला गेला. पुढच्या चकतीवर खालच्या ठशाने कणीस उठवलं आणि वरून, चिकटलेल्या नाण्याने, तेच कणीस उलटं आणि खोल उमटवलं. दोन्हीकडे कणीस. एक वर आलेलं, एक आत गेलेलं. आकडा कुठेच नाही. नाण्याला स्वतःची किंमतच ठाऊक नव्हती. मुकादमाने ते वितळवायच्या टोपलीत टाकायचं, ते ठसेवाल्यांच्या खिशात टाकलं. “घरी ने,” तो म्हणाला. “तुझ्या लेकीची जुळी बहीण आहे ही.”

जावयाने नाणं उजेडात धरलं. “बाबा, राग मानू नका. पण हे गाडीखाली सापडलेलं दिसतंय.”

“गाडीखाली?”

“कणीस बघा ना कसं आत गेलंय. कशाखाली तरी चेपल्याशिवाय असं होत नाही. याची काही चिठ्ठी आहे का तुमच्याकडे?”

लेक आतून आली. ती बसमध्ये कंडक्टर होती आणि शेवटच्या सीटवरचा झोपलेला माणूस जागा व्हावा असा तिचा आवाज होता. “चिठ्ठीचं एवढं कौतुक आहे, तर आपल्या लग्नाची चिठ्ठी कुठाय ती आणा बघू. पाच वर्षं शोधताय.”

पाहुणे हसले, जावई बाटली पुसू लागला, विषय संपला. ठसेवाल्यांचा मात्र संपला नाही. नाणं गाडीखाली सापडलं असेल, तर त्या सकाळी त्यांनी मान वळवलीच नव्हती. म्हणजे मुलगी झाल्याचं ऐकूनही ते यंत्रासारखे दांडा ओढत राहिले होते. हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते ‘जुनी ताम्रनाणी दोषनिर्धारण कार्यालया’त गेले.

जुन्या नाण्यांच्या शौकिनांना टांकसाळीत चुकलेलं नाणं म्हणजे जीव की प्राण. आणि नंतर चेपलेलं, खरवडलेलं, ठोकलेलं नाणं म्हणजे भंगार. दोन्ही दिसायला सारखीच वेडीवाकडी. तेव्हा कुठलं कोणतं हे ठरवायला सरकारने हे कार्यालय काढलं होतं. इथे एका अर्जावर एकाच गोष्टीचा निकाल लागे : दोष टांकसाळीचा, की इजा नंतरची. टांकसाळीचा ठरला तर प्रमाणपत्र. इजा ठरली तर, लोकांची फसवणूक होऊ नये म्हणून, नाण्याला तिथल्या तिथे भोक पाडून परत.

रांगेत ठसेवाल्यांच्या पुढे एक पाट्यावाला होता. पितळेवर लोकांच्या नावाच्या पाट्या करायचा त्याचा धंदा, पण प्लॅस्टिकच्या पाट्या आल्यापासून त्याचं लक्ष नाण्यांकडे वळलं होतं. त्याच्या रुमालात सात नाणी होती आणि सातहींवर केसासारखी बारीक, वर उठलेली रेघ होती.

“ठशाला भेग गेली की नाण्यावर अशी रेघ उठते, काका,” त्याने माहिती पुरवली. “टांकसाळीची चूक. फार दुर्मिळ.”

ठसेवाल्यांनी एक नाणं अंगठ्यावर तोललं, कडेवरून नख फिरवलं. “मेणाने रेघ ओढून आम्लात बुडवलंय. मेणाखालची रेघ राहिली, बाकीचं तांबं खाल्लं गेलं. वजनाला हलकं झालंय. आणि अंगावर पुरळ आलंय बघ कसं.”

पाट्यावाल्याने आधी मागे पाहिलं, मग पुढे, आणि मग ठसेवाल्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. “काका, तुम्ही आतल्या साहेबांचे कुणी नाही ना?”

“मी टांकसाळीतला.”

“मग ठीक आहे. तुमचं इथे कुणी ऐकणार नाही.” त्याने ठसेवाल्यांचा अर्ज हातात घेऊन चाळला आणि कपाळाला हात लावला. “सातव्या रकान्यात हे काय लिहिलंत?”

सातवा रकाना होता, ‘सदर दोषाची माहिती अर्जदारास कशी झाली?’ ठसेवाल्यांनी लिहिलं होतं, ‘तो मीच केला.’

“खरं आहे ते.”

“खरं असेल हो! पण अर्जात कशाला? ‘वारसाहक्काने प्राप्त’ असं लिहायचं. सगळे तेच लिहितात. माझ्या आजोबांनी तर एकट्याने दोनशे नाणी मागे ठेवलीत.”

“तुझे आजोबा काय करायचे?”

“ते मी जन्मायच्या आधीच गेले, म्हणून बरं.”

ठसेवाल्यांनी रकाना बदलला नाही. पाट्यावाल्याची सातही नाणी दुपारच्या चहाआधी टांकसाळीची चूक ठरली.

मग ठसेवाल्यांची पाळी आली. तज्ज्ञांच्या डोळ्याला पट्ट्याने बांधलेलं भिंग होतं. ते ऑफिसात येताना चढवत आणि घरी जाताना उतरवत, म्हणून सगळे त्यांना भिंगवाले साहेब म्हणत. त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक पितळी पाटी होती : ‘नियम ४. उठलेले ते टांकसाळीचे. खोल ते इजा.’

“कणीस खोल आहे,” भिंगवाले म्हणाले.

“हो.”

“नियम चार.”

ठसेवाल्यांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. आणि त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्य आपलंच आहे.

वीसेक वर्षांपूर्वी टांकसाळीत एक तरुण अधिकारी वही घेऊन आला होता. चहा पिता पिता त्याने विचारलं होतं की नाण्यावरची रेघ चुकीची की ओरखड्याची, हे कसं ओळखायचं. ठसेवाले म्हणाले होते, “रेघ वर आलेली असेल तर ठशाला भेग होती, चूक आमची. रेघ खोल असेल तर नंतर कुणीतरी ओरखडा काढलाय.” अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं होतं. पुढे तो मोठा साहेब झाला, त्याच्या वहीचा नियम झाला आणि नियमाची पाटी करायची ठरली. पाट्यावाला अक्षरावर पैसे घेत असे. मंजूर झालेल्या रकमेत सगळी अक्षरं बसेनात. तेव्हा जिच्याबद्दल नियम होता ती रेघ गाळण्यात आली आणि बाकीचा नियम पितळेत घातला गेला. तेव्हापासून तो रेघेपुरता न राहता सगळ्यांना लागू झाला.

“साहेब, हा नियम माझा आहे,” ठसेवाले म्हणाले. “मी तो फक्त रेघांबद्दल सांगितला होता.”

“नियम सांगणाऱ्याला नियमातून सूट नसते.”

“सूट नको. तुम्ही नाणं नुसतं उलटं करून बघा. बाहेरून कुणी चेपलं असतं, तर मागचं कणीस चपटं झालं असतं. इथे एकेक दाणा उभा आहे. आणि खोल कणसाच्या तळाशी बघा. चेपलेल्या नाण्यात तिथे जुन्या आकड्याची खूण राहते. इथे आकड्याचा मागमूस नाही. कारण आकडा कधी पडलाच नव्हता.”

भिंगवाल्यांनी नाणं उलटं केलं. बराच वेळ पाहिलं. मग सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कामाच्या वेळेत भिंग कपाळावर सरकवलं आणि उघड्या डोळ्याने पाहिलं. “बरोबर आहे तुमचं,” ते हळू आवाजात म्हणाले. आणि भिंग पुन्हा खाली आलं. “पण मागची बाजू बघण्याबद्दल नियम नाही.”

“मग आता?”

“आता दोन मार्ग. एक, अर्ज मागे घ्या, नाणं रस्त्यात सापडलं असं लिहून द्या आणि जसं आहे तसं घरी न्या. दुसरा, तुम्ही सातव्या रकान्यात स्वतःचं नाव घेतलंय, तेव्हा कागद टांकसाळीकडे जाईल. ते काय कळवतील ते अंतिम. इजा म्हणाले, तर भोक.” एवढं सांगून त्यांनी सोय म्हणून आपलं पेन पुढे केलं.

ठसेवाल्यांनी पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत केलं. “रस्त्यात माझी मुलगी सापडली नव्हती, साहेब.”

टांकसाळीचं उत्तर सहा आठवड्यांनी आलं. ते असं होतं :

‘१. या टांकसाळीची चुकांची नोंदवही तपासण्यात आली. ती स्थापनेपासून निरंक आहे.
२. नोंदवही निरंक असल्याने चूक झालेली नाही.
३. चूक झालेली नसल्याने नोंदवही निरंक आहे.
४. अर्जदारास निवृत्तीसमयी निर्दोष सेवेचे प्रमाणपत्र देण्यात आले असून ते त्याने आनंदाने स्वीकारल्याचे छायाचित्र उपलब्ध आहे.’

वही निरंक का होती, हे ठसेवाल्यांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. एक चूक नोंदवायची तर सात प्रतींत खुलासा लिहावा लागे. टोपलीत टाकलेली चूक मात्र संध्याकाळपर्यंत आपोआप वितळे. वही चामड्याच्या बांधणीची होती. दर वर्षी तिच्यावरची धूळ झटकल्याची नोंद होई, पण दुसऱ्या वहीत.

“अहो, आता पुरे,” बायको म्हणाली. “जगात माणसं चुका लपवायला धावतात आणि तुम्ही चूक पदरात पाडून घ्यायला धावताय.”

“तू होतीस ना तिथे. तूच सांग, त्या दिवशी मी चुकलो की नाही?”

“मी तिथे नव्हते. मी दुसरीकडे जरा कामात होते.”

ठसेवाल्यांनी स्टूल घेतलं, भिंतीवरचं निर्दोष सेवेचं प्रमाणपत्र फ्रेमसकट उतरवलं आणि कागदात गुंडाळलं. भिंतीवर मागे पांढरा चौकोन राहिला. बायकोने त्या चौकोनाकडे पाहिलं आणि फ्रेम बांधायला सुतळी आणून दिली.

कार्यालयात त्यांनी फ्रेम टेबलावर ठेवली. “हे परत घ्या. मी निर्दोष नव्हतो.”

कारकून तरुण होता, नवीनच लागला होता. त्याने पुस्तक चाळलं. “आजोबा, प्रमाणपत्र परत घ्यायचं तर तुम्ही चूक केल्याचा पुरावा लागतो.”

“पुरावा म्हणजे हे नाणं.”

“नाणं पुरावा धरायचं, तर ते चूक ठरायला हवं. आणि ते चूक ठरवायचं, तर आधी हे प्रमाणपत्र रद्द व्हायला हवं.”

“मग आधी काय करायचं?”

कारकुनाने पुस्तकाची पुढची दोन पानं पाहिली. “जेवणाची सुट्टी,” तो म्हणाला. आणि मग, माणूस अजून नवीन असल्यामुळे, उठून स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं.

फ्रेम अशी अधांतरी राहू शकत नव्हती, तेव्हा समिती नेमण्यात आली. समितीत अध्यक्ष, सदस्य आणि भिंगवाले. समितीने ठरवलं की अर्जदार चूक करू शकतो किंवा नाही, हे प्रात्यक्षिकानेच पाहावं. टांकसाळीच्या अंगणात जुनी प्रेस शोभेसाठी रंगवून ठेवली होती. तिचा रंग खरवडला, ठसे बसवले, तांब्याच्या चकत्या आणल्या. सावलीत तीन खुर्च्या मांडल्या. लेक सकाळची फेरी संपवून, युनिफॉर्मवरच, तिकिटांचं यंत्र गळ्यात घेऊन आली. पाट्यावालाही आला. तो आता कार्यालयाचा मान्यताप्राप्त सल्लागार होता, कारण इतक्या चुका दुसऱ्या कुणाकडेच नव्हत्या.

“करा,” अध्यक्ष म्हणाले.

“काय करू?”

“चूक.”

“अशी एकदम होत नाही, साहेब.”

“साधारण किती वेळ लागेल? मला साडेबाराला दुसरी समिती आहे.”

ठसेवाल्यांनी दांड्यावर हात ठेवला. बारा वर्षांनी. चकती ठेवली, दांडा ओढला. नाणं पडलं, चोख. दुसरं, चोख. तिसऱ्या खेपेला नाणं वरच्या ठशाला चिकटलं. ठसे जुने झाले होते, चिकटणारच. ठसेवाल्यांना हेच हवं होतं. आता बोट फिरवायचं नाही, तसाच दांडा ओढायचा, एवढंच. त्यांनी चकती ठेवली, आणि त्यांच्या देखत त्यांचंच बोट वर गेलं, चिकटलेलं नाणं काढून खाली टाकलं आणि परत आलं. त्यांनी डाव्या हाताने उजवा मनगटाशी धरला. पुढच्या वेळी डावं बोट गेलं. डोळे मिटून पाहिलं, मान वळवून पाहिलं, मनात दुसरंच काहीतरी आणून पाहिलं. नाणं सात वेळा चिकटलं आणि सातही वेळा बोटाने ते काढलं. चौतीस वर्षांची सवय ऐकेना. ठसेवाल्यांच्या कपाळावर घाम आला.

“लिहा,” अध्यक्ष म्हणाले, “अर्जदार चूक करण्यास असमर्थ.”

“आणि समजा आता केलीच,” सदस्य म्हणाले, “तर ती ठरवून केलेली होईल. ठरवून केलेली चूक ही चूक नव्हे.”

“आणि नाही केली तर?” भिंगवाल्यांनी विचारलं.

“तर नाहीच केली.”

तिघांनी माना डोलावल्या आणि अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. ठसेवाल्यांनी शेवटची चकती ठेवली होती. वरच्या ठशाला नाणं चिकटलेलं त्यांना दिसत होतं. बोट वर जायला लागलं होतं.

“बाबा!” मागून लेक ओरडली, शेवटच्या सीटवरचा माणूस उठावा अशी. “मुलगी झाली!”

ठसेवाल्यांनी मान वळवली.

दांडा खाली आला होता. प्रेसखालून जे बाहेर पडलं ते भिंगवाल्यांनी धावत जाऊन उचललं. एका बाजूला कणीस वर आलेलं, दुसऱ्या बाजूला तेच कणीस, उलटं, आत गेलेलं. आकडा कुठेच नाही. भिंगवाल्यांनी डबीतलं नाणं मागून घेतलं आणि दोन्ही तळहातावर शेजारी ठेवली.

“जुळ्या,” ते म्हणाले.

ठसेवाले लेकीकडे बघत होते आणि त्यांना हसू की रडू ते कळत नव्हतं. “शेहेचाळीस वर्षांची घोडी झालीस,” ते म्हणाले, “आणि अजून जन्मतेच आहेस होय?”

“तुम्हाला दर वेळी सांगावं लागतं त्याला मी काय करू?”

सदस्य टाळ्या वाजवणार होते, पण अध्यक्षांनी हात वर केला. अध्यक्ष अनुभवी होते. “चुकीचं कारण काय?” त्यांनी विचारलं.

“मुलगी झाली,” ठसेवाले म्हणाले.

“मूळ प्रसंगीही हेच कारण?”

“हेच.”

“मुलगी कुठे झाली?”

“रुग्णालयात.”

“टांकसाळीत नाही?”

“टांकसाळीत कशी होईल, साहेब?”

“झालं तर मग.” अध्यक्ष उठले. “इजेची व्याख्या अशी, की टांकसाळीबाहेरच्या कारणाने नाण्यात आलेला बदल. दोष आहे, हे समितीला मान्य. तो प्रेसमध्ये झाला, हेही मान्य. पण त्याचं कारण टांकसाळीबाहेर जन्मलं. म्हणून इजा. निर्दोष सेवेचं प्रमाणपत्र अबाधित. अभिनंदन.”

आज पडलेलं नाणं, टांकसाळीत आजच्या तारखेला चूक झाल्याचा गैरसमज पसरू नये म्हणून, तिथेच भट्टीत टाकण्यात आलं. जुनं नाणं भोक पाडायला कारकुनाकडे दिलं. फ्रेम ठसेवाल्यांच्या हातात परत आली. पाट्यावाल्याने समितीच्या निर्णयाची पाटी करायची तयारी दाखवली आणि अक्षरं मोजायला घेतली.

कारकुनाने याआधी कधी भोक पाडलं नव्हतं. नियमाप्रमाणे ते बरोबर मधोमध पडायला हवं. त्याने नाणं यंत्रात धरलं, ठसेवाल्यांकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि दांडा ओढला. भोक मधोमध पडलं नाही. ते वर, कडेला पडलं, कणसाचा एक दाणाही न दुखावता.

“चुकलं, आजोबा,” तो म्हणाला.

या सबंध प्रकरणात, अर्जापासून निकालापर्यंत, स्वतःबद्दल हा शब्द उच्चारणारा ठसेवाल्यांनंतर तोच एक. ठसेवाल्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “असू दे. पण असं मोठ्याने बोलू नकोस. सात प्रतींत खुलासा लिहावा लागेल.”

भोक कडेला पडल्यामुळे त्यातून दोरा सहज गेला. लेकीने ते नाणं तिथेच गळ्यात घातलं, तिकिटांच्या यंत्राच्या वर. बसमध्ये कुणी विचारलं की ती सांगते, “माझी बहीण.” फ्रेम पुन्हा भिंतीवर गेली, पण ठसेवाल्यांनी ती उलटी लावली, कोरी बाजू पुढे.

पाट्यावाल्याचं एक नाणं आता संग्रहालयात आहे. काचेच्या कपाटात, वर दिवा आणि खाली पितळी पाटी : ‘टांकसाळीची चूक. अत्यंत दुर्मिळ.’ तुम्ही ते पाहिलं असेल. लेकरांना उचलून दाखवलं असेल. पाटी आधी वाचली असेल आणि मग नाणं खरोखरच दुर्मिळ दिसू लागलं असेल.

जावयाच्या खड्याला वर्ष व्हायला अठरा दिवस उरले असताना ठसेवाले गेले. सकाळी सव्वासात वाजता, बायको चहा गाळत असताना, खुर्चीतच. मृत्यूच्या दाखल्यावर आदल्या दिवसाची, मंगळवारची तारीख पडली. लेक दुरुस्तीला गेली, तेव्हा त्या कार्यालयाने तिला आपली चुकांची वही उघडून दाखवली. ती निरंक होती. त्यामुळे जावई कुणी विचारलं की मंगळवार सांगतो आणि दाखला काढून दाखवतो. लेक आणि तिची आई बुधवार सांगतात. त्यांच्याकडे दाखवायला काही नाही, गाळणीत राहिलेल्या चहाशिवाय. तुम्ही या दोघींपैकी कुणाला भेटलात तर काय विचाराल, हेही त्यांना ठाऊक आहे. चिठ्ठी आहे का, असंच विचाराल.

ठसेवाले बुधवारी गेले.